आठ जुलै की सात? संगणकाची कालगणना आणि आपल्या तारखा

आमच्या मराठी विभागाच्या दाराशेजारी एक स्क्रीन लावलेली आहे. तिच्यावर रोज त्या त्या दिवसाचा वाङ्मयीन दिनविशेष दिसतो. कोणाचा जन्म, कोणाचा स्मृतिदिन, कोणत्या घटनेला किती वर्षे झाली, अशा या नोंदी. त्या विभागातल्या विद्यार्थ्यांनी कोश, गौरवग्रंथ आणि जुनी मासिके चाळून एका जाड वहीत जमवल्या. पुढे त्या संगणकावर भरण्यासाठी एका तुकडीने फॉर्म तयार केला, आणि त्या स्क्रीनवर आणणारा प्रोग्रॅम संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने लिहून दिला. तो त्या वेळी रस्ट नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होता. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली आली, म्हणजे भाषांच्या वयाच्या मानाने ती अगदीच लहान.

गेल्या जुलैच्या सात तारखेला विभागातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सर काही कामासाठी आले होते. ते स्क्रीनसमोर थांबले आणि आत येऊन म्हणाले, "काय हो बाई, बोरकरांना एक दिवस आधीच घालवलंत?" मी बाहेर जाऊन पाहिले. बा. भ. बोरकर, स्मृतिदिन, असे ठळक अक्षरांत दिसत होते. बोरकर गेले ८ जुलै १९८४ रोजी. गोव्यातल्या मराठीच्या विभागाने ही तारीख चुकवावी, यासारखी ओशाळवाणी गोष्ट नाही.

टायपिंगची चूक असेल असे समजून मी वही काढली. वहीत आठ. फॉर्ममध्ये भरलेली तारीखही आठच. स्क्रीनवर मात्र सात. मग बोरकरांची जन्मतारीख तपासली, ती ३० नोव्हेंबर १९१०, अगदी बरोबर दिसत होती. गोवा मुक्ती, १९ डिसेंबर १९६१, बरोबर. घटकराज्य दिन ३० मे १९८७, तो मात्र २९ मे झालेला. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२, बरोबर. निधन १० मार्च १९९९, ते ९ मार्चला. पु. ल. देशपांडे १२ जून २००० ऐवजी ११ जूनला गेलेले. संध्याकाळपर्यंत एवढे लक्षात आले की १९७० च्या आधीच्या सगळ्या तारखा बरोबर आहेत आणि नंतरची प्रत्येक तारीख एक दिवस मागे आहे. हस्तलिखितांच्या पाठभेदांत एखादी चूक अशी नियमाने आली, तर ती लेखनिकाची डुलकी नसते, त्याच्यासमोरच्या प्रतीचा तो गुण असतो. इथेही तसेच काहीतरी असणार होते. त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. तो म्हणाला, "मॅडम, कोड बरोबर आहे, मी तपासलंय." मी म्हटले, "असेल बाबा, पण बोरकर आठ तारखेलाच गेले आहेत. बस, आणि मला पहिल्यापासून सांग."

त्याने जे सांगितले, आणि पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी मिळून जे शोधले, ते साहित्याच्या लोकांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून इथे मांडते आहे. सूची, चरित्रकोश, पत्रसंग्रह अशी कामे आता आपण सगळेच संगणकावर करू लागलो आहोत.

संगणक बहुधा तारीख ही तारीख म्हणून ठेवत नाही. १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचच्या मध्यरात्री घड्याळ शून्यावर होते असे धरून तेव्हापासून किती सेकंद गेले तेवढा एकच आकडा तो ठेवतो. या आकड्याला टाइमस्टॅम्प म्हणतात. १९७० या सालाला दुसरे काही महत्त्व नाही; युनिक्स ही संगणकप्रणाली त्या सुमारास घडत होती आणि तिच्या कर्त्यांना एक सोयीचा आरंभ हवा होता. बोरकरांच्या स्मृतिदिनाच्या रकान्यात आमच्या संगणकाने ४५,८०,७३,००० हा आकडा लिहून ठेवला होता. पाहणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. पण दोन तारखांमधले अंतर काढायचे, त्या क्रमाने लावायच्या, तर असा एकेरी आकडा फार सोयीचा असतो. महिने तीस-एकतीसचे, फेब्रुवारी लहरी. आकड्याला यातले काही नडत नाही.

हे ऐकताना मला आपला अहर्गण आठवला. अहर्गण म्हणजे दिवसांचा समूह. कलियुगाच्या आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत किती दिवस लोटले हे आपले ज्योतिषी आधी काढत आणि मग ग्रहांचे गणित करत. ही संख्या फार मोठी होते. सोळाव्या शतकापर्यंत ती सोळा लाखांच्या पुढे गेली होती. म्हणून करणग्रंथांचे कर्ते अलीकडचा एखादा आरंभ धरत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' रचताना शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हा आरंभ धरला, आणि दिवसांची संख्या वाढू नये म्हणून सुमारे अकरा वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले. आपल्याकडची पंचांगे त्या ग्रंथावर शतकानुशतके चालली. युनिक्सच्या कर्त्यांनी १९७० धरले ते याच न्यायाने. फरक एवढाच की आपण दिवस मोजले, त्यांनी सेकंद.

आता आकड्याची तारीख कशी करायची? एका दिवसाचे सेकंद ८६,४००. तेवढ्याने भागले की भागाकार म्हणजे दिवस आणि बाकी म्हणजे त्या दिवसातली वेळ. (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेण्यासाठी १९७२ पासून अधूनमधून घड्याळात एकेक सेकंद वाढवला गेला आहे, टाइमस्टॅम्प त्याची दखलच घेत नाही. प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच, असे त्याने ठरवून टाकले आहे.) रस्टबरोबर जी मूळ सामग्री मिळते तीत दिनदर्शिका नाही. आत्ताची वेळ आणि दोन वेळांमधले अंतर, एवढेच ती देते. तारीख, वार, महिना हवा असेल तर इतरांनी लिहिलेली साधने जोडून घ्यावी लागतात. त्या भाषेत अशा साधनांना क्रेट म्हणतात. क्रोनो हे त्यातले बरेच वापरात असलेले. आमच्या विद्यार्थ्याने ते न घेता सगळे हाताने लिहिले होते. शिकायचे होते ना त्याला. मला त्यात काही गैर वाटत नाही. व्याकरण शिकायचे तर एकदा तरी रूपावली हाताने लिहावीच लागते.

भागाकाराने मिळालेल्या दिवसांची तारीख करण्याची रीत मला विशेष आवडली. ग्रेगोरियन दिनदर्शिका दर ४०० वर्षांनी तीच ती फिरते, आणि ४०० वर्षांचे दिवस नेमके १,४६,०९७ होतात. दुसरी युक्ती अशी की वर्ष जानेवारीत सुरू न करता १ मार्चला सुरू होते असे धरायचे. त्यामुळे अडचणीचा २९ फेब्रुवारी वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधल्या हिशेबात लुडबुडत नाही. शिवाय मार्चपासून महिने ३१, ३०, ३१, ३०, ३१ असे चालतात, पाच महिन्यांचे १५३ दिवस. ऑगस्टपासून पुन्हा तीच चाल. जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चमध्येच होई, म्हणून तर सप्टेंबर, ऑक्टोबर या नावांत सात आणि आठ लपलेले आहेत. आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा एकीने लगेच विचारले, "म्हणजे आपल्या चैत्रासारखंच ना?" जवळजवळ तसेच.

शून्य सालच्या १ मार्चपासून १ जानेवारी १९७० पर्यंत ७,१९,४६८ दिवस होतात. (इतिहासात शून्य साल नाही, गणितात ते धरावे लागते.) बोरकरांच्या स्मृतिदिनाचा क्रमांक १९७० पासून ५,३०२. दोन्हींची बेरीज ७,२४,७७०. त्यातून चारशे वर्षांची चार चक्रे काढली की १,४०,३८२ दिवस उरतात. यांत पूर्ण वर्षे बसतात ३८४, म्हणजे साल १९८४, आणि वर उरतात १२९ दिवस. आता १ मार्चपासून मोजू. मार्च, एप्रिल, मे आणि जून मिळून १२२ दिवस, राहिले सात. जुलैचे सात दिवस उलटले, म्हणजे तारीख आठ. कागदावर हे गणित मी स्वतः केले, आणि आठ हा आकडा आला तेव्हा फार बरे वाटले.

मग स्क्रीनवर सात का? कारण प्रोग्रॅमला भागाकारातून ५,३०२ नव्हे, ५,३०१ मिळत होते. ४५,८०,७३,००० ला ८६,४०० ने भागा: ५,३०१ दिवस आणि बाकी ६६,६०० सेकंद, म्हणजे साडेअठरा तास. आकडा सांगत होता, ७ जुलै, संध्याकाळचे साडेसहा. ही ग्रिनिचची वेळ. आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. फॉर्ममध्ये '८ जुलै' भरल्यावर संगणकाने त्याचा अर्थ 'भारतातली ८ जुलैची मध्यरात्र' असा घेतला, आणि त्या क्षणी ग्रिनिचला अजून सातच तारीख होती. फॉर्मने साडेपाच तास वजा केले. दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने ते परत मिळवले नाहीत.

आपल्या जुन्या गणितात याला देशांतर संस्कार म्हणत. मूळ गणित उज्जयिनीच्या रेषेवरचे. आपले गाव तिच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती योजने दूर, हे पाहून सुधारणा करायची. आज रेषा ग्रिनिचची आणि आपले प्रमाणस्थान साडेब्याऐंशी अंश पूर्वेला. दर पंधरा अंशांना एक तास या हिशेबाने साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद. उज्जैन, इंदूरच्या मंडळींना मूळ रेषा आपल्या अंगणातून गेली याचा हेवा वाटायला हरकत नाही.

पण यावरून प्रश्न उलट अवघड झाला. देशांतर राहून गेले असेल तर सगळ्याच तारखा एक दिवस मागे हव्या होत्या. बोरकरांचा जन्म बरोबर कसा?

१९७० च्या आधीच्या वेळेचा आकडा ऋण असतो. ३० नोव्हेंबर १९१० ची भारतातली मध्यरात्र म्हणजे उणे १,८६,४७,०४,६००. त्याला ८६,४०० ने भागले की उणे २१,५८२ पूर्णांक आणि वर थोडा अपूर्णांक येतो. हा अपूर्णांक टाकायचा कसा? दोन रीती आहेत. एकीत नेहमी खालच्या पूर्णांकावर यायचे, म्हणजे उणे २१,५८३. दुसरीत अपूर्णांक नुसता छाटायचा, म्हणजे शून्याच्या दिशेला सरकायचे: उणे २१,५८२. धन संख्यांत दोन्हींचे उत्तर एकच येते, म्हणून हा फरक आपल्या ध्यानात येत नाही. रस्टमधला साधा भागाकार दुसऱ्या रीतीचा आहे.

तारखांसाठी ही रीत चुकीची. १ जानेवारी १९७० ची आपली मध्यरात्र म्हणजे उणे १९,८००. छाटून भागले तर दिवस शून्य. २ जानेवारीची मध्यरात्र म्हणजे अधिक ६६,६००. तोही दिवस शून्य. दोन्ही तारखा एकाच खणात जाऊन बसल्या. शून्याच्या दोन्ही बाजूंचे तास त्या एका दिवसात शिरतात आणि तो अठ्ठेचाळीस तासांचा होतो. रस्टमध्ये यासाठी वेगळी क्रिया दिलेली आहे, डिव्ह-युक्लिड नावाची. तिच्यात बाकी कधीच ऋण येत नाही. ती वापरली असती तर बोरकरांचा जन्म २९ नोव्हेंबर, साडेअठरा वाजता, असा आला असता. ग्रिनिचच्या दृष्टीने ते खरे उत्तर होते. आमच्या प्रोग्रॅममध्ये देशांतराची चूक तारखेला एक दिवस मागे ओढत होती आणि छाटण्याची चूक १९७० पूर्वीच्या तारखांना एक दिवस पुढे ढकलत होती. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम तपासला तो गोवा मुक्तिदिनाची आणि स्वातंत्र्यदिनाची तारीख घालून; दोन्ही १९७० पूर्वीच्या, दोन्ही बरोबर आल्या. तो खोटे बोलत नव्हता.

त्याने दोन्ही दुरुस्त्या केल्या: आधी १९,८०० मिळवायचे, मग डिव्ह-युक्लिडने भागायचे. बोरकर, कुसुमाग्रज, पु. ल., घटकराज्य, सगळे जागेवर आले. आम्ही चहा मागवला. तो संपायच्या आत वही घेऊन बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, विष्णुशास्त्री चिपळूणकर १९ मे दाखवतंय."

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५०. हरिभाऊ आपट्यांचा ८ मार्च १८६४, तो ७ मार्च झालेला. म्हणजे जुन्या तारखा, ज्या आधी चुकून बरोबर होत्या, त्यांतल्या काही आता दुरुस्तीमुळे बिघडल्या होत्या. पण सगळ्या नाही. केवळ १८७० पूर्वीच्या. आणि शिवाय मध्येच एक विसाव्या शतकातली: गौरी देशपांडे, जन्म ११ फेब्रुवारी १९४२, स्क्रीनवर दहा.

कारण असे. जगातल्या कोणत्या प्रदेशात कोणत्या काळी घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढे-मागे होते याचा एक मोठा तक्ता संगणकांत असतो. आपला फॉर्म ब्राउझरमध्ये उघडतो आणि ब्राउझर तो तक्ता पाहतो. त्यात भारतासाठी एकच ओळ आहे, कोलकात्याच्या नावाची. १८७० पूर्वी पाच तास त्रेपन्न मिनिटे आणि वर काही सेकंद, ही हावडा-कोलकात्याकडची वेळ. १८७० पासून १९०५ अखेरपर्यंत पाच तास एकवीस मिनिटे दहा सेकंद, ती मद्रासची वेळ. १९०६ पासून साडेपाच. आणि महायुद्धात ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ आणि सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या दोन मुदतींत घड्याळ एक तास पुढे, म्हणजे साडेसहा. विष्णुशास्त्री भरताना फॉर्मने पाच तास त्रेपन्न मिनिटे अठ्ठावीस सेकंद वजा केले. आम्ही साडेपाचच तास मिळवले. तेवीस मिनिटे अठ्ठावीस सेकंद कमी पडले आणि शास्त्रीबुवा आदल्या दिवशीच्या रात्री पावणेबाराच्या आधी जन्मले. गौरीबाईंच्या बाबतीत एक तास कमी पडला.

पुण्यात जन्मलेल्या विष्णुशास्त्र्यांना कोलकात्याच्या घड्याळाशी काय देणेघेणे? मुंबई तर चार तास एक्कावन्न मिनिटांची आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून होती. तक्त्यात तिला जागा नाही. गोवा १९४२ साली ब्रिटिशांच्या हुकमाखाली नव्हताच, पण त्या तक्त्यात पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्याची ओळही नाही. विद्यार्थी म्हणाला की आपणही तोच तक्ता वापरून उलट दिशेने मिळवू, म्हणजे हिशेब जुळेल. तो जुळलाही असता. पण मला ते पटेना. ज्या घड्याळाचा त्या माणसाशी संबंध नाही ते आधी वजा करायचे आणि मग तेच मिळवायचे, हा खटाटोप कशासाठी? आपल्याला विष्णुशास्त्र्यांच्या जन्माचा क्षण माहीत नाही. माहीत आहे तो दिवस.

आमच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ इथे होते. टाइमस्टॅम्प हा क्षण आहे. परीक्षेचा निकाल केव्हा जाहीर झाला, नोंद कोणी केव्हा बदलली, हे क्षण आहेत. ते सगळ्या जगात एकच असतात, फक्त प्रत्येक गावचे घड्याळ त्यांना वेगळे नाव देते. जन्मदिवस, स्मृतिदिन, पत्राच्या माथ्यावरची मिती हे क्षण नव्हेत. ती दिनदर्शिकेतली जागा आहे. ८ जुलै हा इंदूरमध्ये, बडोद्यात आणि लंडनमध्ये ८ जुलैच राहायला हवा. क्षणाला देशांतर लागते, दिवसाला लागत नाही. दिवसाचा क्षण करून ठेवला की कधीतरी, कुठल्यातरी घड्याळापाशी, तो एक दिवसाने सरकणारच.

रस्टमधल्या क्रोनो या साधनात हा भेद शब्दांतच केलेला आहे. नुसत्या तारखेचा प्रकार वेगळा. त्याला 'नाइव्ह' म्हणजे भोळी तारीख असे नाव आहे, कारण तिला कोणत्याही गावचे घड्याळ ठाऊक नसते. क्षणाचा प्रकार वेगळा. त्याला आपले घड्याळ सांगावेच लागते. जिथे एक प्रकार हवा तिथे दुसरा दिला तर रस्ट प्रोग्रॅम तयारच करून देत नाही, कर्ता-क्रियापदाचे लिंग जुळले नाही म्हणून परीक्षक गुण कापतो तसे. आमच्या विद्यार्थ्याने साधे आकडे वापरले, आणि आकड्याला लिंगही नसते आणि विभक्तीही. त्याने भाषेला बोलू दिले असते तर तिने त्याला पहिल्याच दिवशी अडवले असते.

भोळ्या तारखेचा आणि वेळेचा क्षण करायला गेले की क्रोनो तीनपैकी एक उत्तर देते: असा क्षण एकच आहे, असे क्षण दोन आहेत, किंवा असा क्षण नाहीच. विद्यार्थ्याला हे फार चमत्कारिक वाटत होते. पंचांग पाहणाऱ्याला वाटणार नाही. दोन सूर्योदयांना असते ती वृद्धी तिथी; एकाही सूर्योदयाला नसते ती क्षय तिथी. त्या तक्त्याप्रमाणे १ सप्टेंबर १९४२ ला मध्यरात्री बारा वाजता घड्याळ एकदम एकवर गेले, म्हणजे बारा ते एक या तासाचा क्षय झाला. १४ ऑक्टोबर १९४५ च्या रात्री अकरा ते बारा हा तास दोनदा आला, त्याची वृद्धी. मी हे सांगितल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. कालनिर्णय त्याच्या घरीही भिंतीवर असणार, पण त्यातल्या या बारीक अक्षरांचा आपल्या कोडशी काही संबंध असेल असे त्याला वाटले नव्हते.

आम्ही सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या, या वेळी तारीख म्हणूनच. त्यात आणखी एक प्रकार उघडकीस आला, तो संगणकाचा नव्हे, आपला. अनेक नोंदींत दिवस १ जानेवारी होता. ज्यांचे केवळ साल माहीत होते त्यांच्यासाठी मुलांनी फॉर्म पुढे सरकावा म्हणून १ जानेवारी घालून टाकले होते. फादर स्टीफन्सांचे ख्रिस्तपुराण रायतूरला १६१६ मध्ये छापले गेले. आमच्या वहीत तेवढेच होते, स्क्रीनवर मात्र त्याची १ जानेवारी ही वर्षपूर्ती दोन वर्षे साजरी झाली. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहिली. आपण त्याला हसतो, आणि इथे आम्ही तेच केले. रस्टमध्ये 'आहे किंवा नाही' असा एक प्रकार आहे. रकाना रिकामा असू शकतो हे आधीच जाहीर करावे लागते, आणि तो रिकामा असेल तेव्हा काय करायचे हे लिहिल्याशिवाय त्यातली किंमत वापरता येत नाही. आता साल, महिना आणि दिवस हे तीन वेगळे रकाने आहेत. साल सक्तीचे, इतर दोन 'आहे किंवा नाही' या प्रकारचे. ख्रिस्तपुराण रोजच्या स्क्रीनवर येत नाही. सालवार यादीत येते.

पत्रव्यवहाराच्या बाबतीत याहून जास्त जपावे लागते. क्रोनो मागे कितीही गेले तरी ग्रेगोरियन दिनदर्शिकाच चालवते. पोर्तुगालने ती १५८२ साली घेतली. इंग्रजांनी १७५२ मध्ये, जेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात गोव्याची आणि मुंबईची तारीख वेगळी असे. वसईच्या किल्ल्याची शरणागती ठरली ती पोर्तुगीज हिशेबाने १६ मे १७३९. मुंबईकर इंग्रजांच्या लेखी तो दिवस ५ मे. दोन्ही कागद जसेच्या तसे भरले आणि तारखेप्रमाणे लावले तर मुंबईचे उत्तर गोव्याच्या पत्राच्या आधी येऊ शकते, आणि ते पाहून कोणी विद्यार्थी प्रबंधात कार्यकारण उलटे लिहील. मराठी कागदांवर तर शके, तिथी आणि सुहूर सन. म्हणून पत्रांसाठी आम्ही दोन रकाने केले. एकात मूळ कागदावरची मिती अक्षरशः, दुसऱ्यात आम्ही काढलेली तारीख, आणि ती कोणी, कोणत्या जंत्रीवरून काढली ते. पहिला रकाना कोणीही बदलायचा नाही.

एक बाब अजून अडून आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होतो, इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून. पहाटे तीन वाजता जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत वार आदल्या दिवसाचा असतो. जिथे आपल्याला लेखकाची जन्मतिथी आणि वारच माहीत आहे, जन्मवेळ माहीत नाही, तिथे त्यावरून काढलेली इंग्रजी तारीख एक दिवस मागची असू शकते, आणि हे कोणत्याही भागाकाराने सुटत नाही. अशा नोंदींसमोर आम्ही सध्या दोन्ही तारखा लिहितो आहोत. ज्येष्ठ सरांना ते पसंत नाही. त्यांचे म्हणणे, कोशात एक तारीख हवी. पुढच्या बैठकीत हा विषय आहे.